द्विशिक्षकी शाळेला गावाने काय द्यावे?

पत्र : मी बीड जिल्ह्यातील एका वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीची अध्यक्षा आहे. शाळा पहिली ते चौथी, पट अडतीस, शिक्षक दोन. गुरुजींकडे मुख्याध्यापकाचा पदभार आहे आणि मतदार यादीचे बीएलओचे (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचे) कामही आहे, त्यामुळे आठवड्यातले एक-दोन दिवस ते तहसीलला नाहीतर घरोघरी फिरण्यात असतात. दुसऱ्या बाई गेल्या वर्षी शिक्षणसेवक म्हणून, म्हणजे सुरुवातीची वर्षे मानधनावर, आल्या. त्या मनापासून शिकवतात, पण तालुक्याहून ये-जा करतात म्हणून गावात कुरबुर चालते. ‘दुसरी परीक्षा देऊन ही नोकरी सोडावी असे वाटते,’ असे त्या मला एकदा म्हणाल्या. माझी मुलगी तिसरीत आहे आणि तिला अजून अडखळल्याशिवाय वाचता येत नाही. तिचे वडील रागावतात, चुलतभावाचे उदाहरण देतात. दिवाळीपर्यंत गावातली निम्मी घरे ऊसतोडीला जातील. समितीतले काही जण म्हणतात बाईंची तक्रार करू, काही म्हणतात शिक्षकदिनी सत्कार करू म्हणजे त्यांना बरे वाटेल. आम्ही नेमके काय करावे?

उत्तर :

ताई,

समितीने बाईंच्या बाबतीत काय करावे आणि मुलीच्या वाचनाचे काय करावे, हे तुमचे दोन प्रश्न मला वेगळे वाटत नाहीत. दोन्हीकडे उणीव एकाच गोष्टीची आहे, ती म्हणजे मुलासमोर मोठ्या माणसाने निवांत बसून राहण्याच्या वेळेची. तक्रारीने तो वेळ वाढणार नाही, आणि सत्काराने तर नाहीच, कारण सत्काराच्या दिवशी निम्मी शाळा मांडव, पाहुणे आणि भाषणे यांतच संपते. म्हणून आधी हा वेळ जातो कुठे ते पाहू.

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवून दिले आहे, म्हणजे दिवसाला सरासरी चार तास. तुमच्या शाळेत दोन्ही शिक्षक हजर असतील तेव्हा एकाकडे दोन वर्ग असतात आणि प्रत्येक वर्गाच्या वाट्याला शिक्षकाचे थेट लक्ष फार तर दोन तास येते. गुरुजी तहसीलला गेले की चारही वर्ग बाईंकडे येतात आणि तोच हिशेब एका तासावर उतरतो. त्या एका तासातूनही हजेरी, पोषण आहाराची नोंद, केंद्रातून, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या प्रमुखाकडून, अचानक मागवलेली माहिती आणि पडून गुडघा फोडून घेतलेले एखादे पोर हे सगळे वजा करायचे असते. उरलेल्या वेळात पहिलीच्या मुलाला अक्षरओळख आणि चौथीच्या मुलाला भागाकार शिकवणारी व्यक्ती आळशी आहे की कष्टाळू, हा प्रश्नच गैरलागू होतो. मी शिक्षण खात्यात काम करत असताना असे वर्ग पुष्कळ पाहिले आहेत, आणि त्यांत उत्तम शिक्षकांनाही मुले नुसती शांत बसवून ठेवावी लागताना पाहिले आहे.

गुरुजींच्या बाहेरच्या कामाबद्दल कायदा काय म्हणतो ते समितीतल्या प्रत्येकाने माहीत करून घ्यावे. शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमानुसार शिक्षकाला दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीशी संबंधित कर्तव्ये एवढी सोडून इतर बिगर-शैक्षणिक कामाला जुंपता येत नाही. मतदार यादीचे काम निवडणुकीच्या अपवादात बसते, म्हणून ते बेकायदा आहे असे म्हणून समितीने भांडायला जाऊ नये. त्या वाटेने गेलात तर पहिल्याच टेबलावर अडाल. मात्र डिसेंबर २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा कामांबाबत स्पष्ट केले आहे की मतदार यादीची आणि निवडणुकीची कामे शिक्षकांना सुटीच्या किंवा अध्यापन नसलेल्या दिवशी द्यावीत आणि शाळेच्या दिवशी, शिकवण्याच्या वेळेत ती सहसा देऊ नयेत. राज्य शासनानेही २०२४ मध्ये शिक्षकांच्या शैक्षणिक आणि अशैक्षणिक कामांची वर्गवारी करणारा निर्णय काढला आहे. तेव्हा समितीची मागणी ‘काम काढून घ्या’ अशी नसावी. ‘हे काम शनिवारी दुपारनंतर, रविवारी आणि सुट्यांमध्ये द्या, आणि शाळेच्या दिवशी गुरुजींना बोलावणे अटळ असेल तर त्या दिवसापुरता केंद्रातून दुसरा शिक्षक द्या’ अशी असावी.

ही मागणी गुरुजींनी स्वतः का केली नाही, असे कोणी बैठकीत विचारेल. निवडणुकीच्या कामाचा आदेश नाकारणाऱ्या कर्मचाऱ्यावर कारवाई होऊ शकते आणि वरिष्ठांना उलट उत्तर देणारा म्हणून शिक्का बसतो तो वेगळाच, त्यामुळे शिक्षक सहसा गप्प राहतो. समितीला ती भीती नाही. कायद्याच्या २१ व्या कलमानुसार स्थापन झालेल्या या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्या लागतात, शाळेच्या कामकाजावर लक्ष ठेवणे हे तिचे कायद्याने दिलेले काम आहे, आणि तिच्या ठरावाला सरकारी कागद म्हणून किंमत आहे. शिक्षकाला पाठिंबा द्यायचा म्हणजे त्याला जे बोलता येत नाही ते त्याच्या वतीने आपण बोलायचे, आणि तेही त्याला अडचणीत न आणता. म्हणून ठरावात गुरुजींच्या नावाने गाऱ्हाणे नको. ‘गेल्या दोन महिन्यांत अमुक इतके दिवस एकाच शिक्षकावर चार वर्ग होते’ एवढीच तारखांसह नोंद पुरेशी आहे.

पोषण आहाराचेही असेच. प्राथमिकच्या मुलाला दररोज १०० ग्रॅम तांदूळ धरला जातो, म्हणजे तुमच्या अडतीस मुलांचे पूर्ण हजेरीला तीन किलो आठशे ग्रॅम. तांदूळ मोजून देणे, शिजल्यावर चव पाहणे, मुलांचे हात धुऊन त्यांना ओळीने बसवणे या कामांना डी.एड. लागत नाही. मुलांच्या आयांपैकी रोज दोघी पाळीपाळीने आल्या, तरी बाईंचा रोजचा अर्धा-पाऊण तास मोकळा होतो. नोंदवहीवर सही आणि ॲपमधली माहिती मात्र शिक्षकांनीच भरायला हवी, कारण साठ्याची जबाबदारी त्यांची आहे आणि तपासणीला उत्तर त्यांनाच द्यावे लागते. तिथे गावाने हात घालू नये.

आता बाईंविषयी. राज्यात प्राथमिकच्या शिक्षणसेवकाचे मानधन २०२३ पासून महिना १६,००० रुपये आहे आणि नियमित वेतनश्रेणी तीन वर्षांनी मिळते. एवढ्या पैशांत तालुक्याला खोली, रोजचे जाणे-येणे आणि घरी पाठवायचे काहीतरी असा मेळ त्यांना घालायचा आहे. ‘मॅडम गावात राहत नाहीत’ अशी कुरबुर करणाऱ्यांना तुम्ही बैठकीत एकच विचारा : एकट्या राहणाऱ्या तरुण मुलीला दार नीट लागणारी, पाण्याची आणि शौचालयाची सोय असलेली खोली तुमच्यापैकी कोण देतो, आणि भाडे किती घेतो? खोली मिळाली आणि शेजारी एखादे कुटुंब असले तर त्या कदाचित राहतीलही. नसेल तर त्यांचे ये-जा करणे हा दोष मानणे सोडून द्यावे आणि त्या शाळेच्या वेळेत पोहोचतात की नाही, एवढेच पाहावे. एस.टी. चुकली म्हणून वर्षातून दोनदा उशीर झाला तर तो गावच्या व्हॉट्सॲप गटावर फोटो टाकण्याचा विषय नाही. (असे फोटो टाकणारे बहुतेक वेळा शाळेत स्वतः कधी गेलेले नसतात, हेही एक आहेच.)

शिक्षकाविषयी मुलांच्या देखत बोलले जाणारे शब्द शाळेपर्यंत पोहोचतात. संध्याकाळी ओट्यावर ‘ह्या बाईला काय येतंय’ असे ऐकलेले मूल सकाळी त्याच बाईंनी दिलेला अभ्यास कशासाठी करील? बाईंना नोकरी सोडावीशी वाटण्यामागे मानधन आहे, एकटेपणा आहे, पण हे बोलणेही आहे. त्यांच्या कामाची दखल घ्यायची असेल तर ती नेमकी घ्यावी. ‘तुम्ही फार छान शिकवता’ हे वाक्य कोणालाही म्हणता येते. ‘पोरगा आता दुकानात हिशेब करून सुटे पैसे मागून आणतो’ हे ऐकले की शिक्षकाला आपले काम कुठे पोहोचले ते कळते. शिक्षकदिनाचा सत्कार करायचा असला तर जरूर करा, पण शाल आणि नारळ एवढ्यात आटोपा आणि उरलेल्या वर्गणीत मुलांसाठी गोष्टींची पुस्तके आणा. लोकवर्गणीतून घेतलेला आणि वीज नाही म्हणून कपाटावर धूळ खात पडलेला टीव्ही तुमच्याही शाळेत असेल, तर पुस्तकांचा आग्रह का धरतो आहे ते वेगळे सांगायला नको.

पाठिंबा म्हणजे डोळे मिटून घेणे, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. शिक्षक मुलांना मारत असेल, घालून-पाडून बोलत असेल, जातीवरून किंवा गरिबीवरून भेद करत असेल, कारण न सांगता गैरहजर राहत असेल, तर तक्रार करणे हे समितीचे कर्तव्यच आहे. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना कायद्याच्या १७ व्या कलमाने बंदी आहे, आणि वेळेवर येणे, अभ्यासक्रम पूर्ण करणे, पालकांशी मुलाच्या प्रगतीविषयी बोलणे ही शिक्षकाची कर्तव्ये २४ व्या कलमात लिहिलेली आहेत. अशा वेळी आधी शिक्षकाशी एकांतात, मग मुख्याध्यापकांशी, मग केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकारी या क्रमाने जावे. मारहाणीसारखी गंभीर गोष्ट असेल तर क्रम पाहत बसू नये. तुमच्या पत्रात बाईंविषयी यातले काहीच नाही, तेव्हा आज तक्रार करण्याचे कारणही नाही.

समितीत आणखी एक सूचना येण्याची शक्यता आहे, म्हणून आधीच सांगतो. ‘गावातली बारावी झालेली मुलगी दोन हजारांवर वर्गात बसवू’ हा तोडगा अनेक गावांनी काढला आहे. एखाद्या आठवड्यापुरता तो ठीक आहे, आणि ती मुलगी मुलांना गोष्टी वाचून दाखवणार असेल तर उत्तमच. पण ती कायमची बसली की वर्ग चालला आहे असा समज वरपर्यंत पसरतो आणि तुमची खरी मागणी मागे पडते. कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळायलाच हवेत. ती दोन माणसे प्रत्यक्ष वर्गात असावीत, यावर अडून राहा.

तुमच्या मुलीचे वाचन हा काळजी घेण्याचा विषय आहे, घाबरण्याचा नाही. देशभर राबवल्या जाणाऱ्या निपुण भारत अभियानाचे उद्दिष्टच मुळी तिसरी संपेपर्यंत मुलाला समजून वाचता यावे आणि साधे गणित यावे हे आहे, म्हणजे ती अजून त्या वर्षाच्या आतच आहे. पहिल्यांदा बाईंना दहा मिनिटे भेटा आणि ‘ती कच्ची आहे का’ असे न विचारता ‘ती नेमकी कुठे अडते’ असे विचारा. काही मुले वेलांटी आणि उकारांत गोंधळतात, काहींना साधे शब्द येतात पण ‘सूर्य’, ‘प्रकाश’, ‘राष्ट्र’ अशा जोडाक्षरांपाशी थांबतात, काहींना अक्षरे येतात पण ती जोडून शब्द होईपर्यंत पहिले अक्षर विसरायला होते. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे आणि तो बाईंना माहीत असतो. त्यांना तो मुलीवर करायला वेळ मिळत नाही एवढेच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक मुलांच्या तपासणीला शाळेत येते, तेव्हा तिचे डोळे आणि कान आवर्जून दाखवा. फळ्यावरचे न दिसणारी मुले मंद समजली जातात, हे वरचेवर घडते.

घरी रोज संध्याकाळी पंधरा मिनिटे तिचे वाचन ऐका. तिसरीचे पुस्तक जड जात असेल तर दुसरीचे घ्या, म्हणजे वाचता येते आहे असा अनुभव तिला आधी मिळेल. चुकलेला प्रत्येक शब्द तिथल्या तिथे अडवू नका. वाक्य पुरे होऊ द्या, मग तोच शब्द तुम्ही एकदा नीट म्हणा आणि पुढे चला. वाचून झाल्यावर ‘मग पुढं काय झालं गं?’ असे विचारा आणि तिला तिच्या बोलीत सांगू द्या. ती ‘व्हता’, ‘व्हती’ म्हणाली म्हणून मध्येच टोकले, तर ती गोष्टच सांगायची थांबेल. पुस्तकातली भाषा वाचता वाचता कानावर पडून येते. तुमच्या घरात कोणाला वाचता येत नसले तरी हे अडत नाही. आजीला अक्षर येत नसेल, पण गोष्ट कळली की नाही हे तिला पक्के कळते, आणि आजीसमोर वाचताना मूल घाबरत नाही.

तुलना मात्र आजच थांबवा. चुलतभावाचे उदाहरण ऐकून ती वाचायला लागणार नाही; पुस्तक दिसले की लपायला मात्र लागेल. आणि शाबासकीही जपून द्यावी असे मी म्हणतो तेव्हा पालकांना आश्चर्य वाटते. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक या अमेरिकी संशोधकांचे पाचवीच्या मुलांवरचे प्रयोग १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. काही कोडी सोडवल्यावर काही मुलांना ‘तू हुशार आहेस’ असे म्हटले गेले आणि काहींना ‘तू चांगली मेहनत घेतलीस’ असे. पुढे अवघड कोड्यांवर सगळीच मुले अडल्यानंतर पुन्हा पहिल्यासारखी कोडी दिली, तेव्हा हुशार म्हटलेल्या मुलांची कामगिरी आधीपेक्षा घसरली होती आणि मेहनतीचे कौतुक झालेल्यांची सुधारली होती. आपल्याकडे तर ‘पोरगं हुशार हाय, पण लक्ष नाय’ हे वाक्य घरोघरी कौतुक म्हणूनच म्हटले जाते. त्याऐवजी ‘काल ह्या ओळीवर तीनदा थांबली होतीस, आज एकदाच’ असे म्हणा. तिच्या वडिलांना उपदेश करण्यापेक्षा आठवड्यातून दोन संध्याकाळी ऐकायला त्यांनाच बसवा. ऐकायला बसलेल्या माणसाला मुलाचे कष्ट दिसू लागतात आणि रागावणे आपोआप कमी होते.

राहिला ऊसतोडीचा प्रश्न, आणि माझ्या मते तुमच्या शाळेपुढचा सर्वांत मोठा प्रश्न हाच आहे. मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली कोयत्याची जोडी, म्हणजे ऊस तोडणारे नवरा-बायको, गाव सोडते तेव्हा धाकट्याला सांभाळायला म्हणून तिसरी-चौथीतली बहीण बरोबर नेली जाते आणि मार्च-एप्रिलमध्ये परत येते तोवर तिचे वर्षाचे वाचन पुसलेले असते. बाईंनी जूनपासून घेतलेली मेहनत अशी दरवर्षी वाहून जाताना पाहणे, हेही त्यांच्या नाउमेदीचे एक कारण असू शकेल. ही मुले गावातच आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे राहावीत आणि त्यांच्या दोन्ही वेळच्या जेवणाची सोय व्हावी, म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आहे. ते चालवण्याची जबाबदारी शाळा व्यवस्थापन समितीकडेच येते, म्हणजे ह्यात अध्यक्षा म्हणून तुमचा शब्द थेट उपयोगी आहे. त्यासाठी कोणत्या घरातली कोणती मुले जाणार आणि कोणती मागे राहू शकतात याची यादी आधी हवी. ती यादी करायला बाईंनी एकटीने दारोदार फिरावे, अशी अपेक्षा ठेवू नका. मुलाला मागे ठेवायचे की नाही, हा निर्णय घरात आजी घेते, आणि आजीला शेजारणीने सांगितलेले पटते.

तरीही काही मुले जातीलच. त्यांच्यासाठी शाळेतून शिक्षण हमी कार्ड, म्हणजे दुसऱ्या गावच्या शाळेत दाखवून शिक्षण चालू ठेवण्याचे कार्ड, मागून घ्या आणि ते आईच्या हाती द्या. एके काळी कारखान्यांच्या तळावर साखरशाळा भरत. शिक्षण हक्क कायद्यानंतर जवळच्या नियमित शाळेत मुलांना दाखल करून घेण्यावर भर आला, आणि वर्षाच्या मध्ये आला म्हणून किंवा कागद नाहीत म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. हे पालकांना माहीत नसते. डहाणूजवळ कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणातच शाळा नेली होती, कारण मूल शाळेत येऊ शकत नसेल तर तो मुलाचा दोष त्यांनी मानला नाही. तुमच्या गावातून जाणाऱ्या मुलांच्या बाबतीत एवढे तरी करता येईल की जाताना त्यांच्या पिशवीत पाठ्यपुस्तक असेल आणि बाई दर पंधरवड्याला फोनवर पाच मिनिटे त्यांच्याशी बोलतील. त्या फोनच्या रिचार्जचा खर्च समितीने करावा. सोळा हजारांतून तो बाईंनी करू नये.

बैठक या महिन्यातच घ्या, कारण दसरा झाला की निम्मे सदस्य स्वतःच गावात नसतील. विषय तीनच ठेवा : शिक्षक शाळेबाहेर असलेल्या दिवसांचा ठराव, पोषण आहाराच्या पाळ्या, आणि हंगामी वसतिगृहाची यादी. खोलीचा विषय बैठकीत न काढता सरपंचांशी वेगळा बोला, नाहीतर बाईंच्या समोरच त्यांच्या राहण्यावर चर्चा रंगेल. ठरावाची एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना आणि एक तहसीलदारांना द्या, आणि दोन्ही ठिकाणी तारखेसह शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.